गादीवाल्या चाचांची झोप

झोपेला इतक्या तयारीने जाणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. लोक लग्नाला जातात, कोर्टात साक्षीला जातात, काशीयात्रेला जातात, तेव्हासुद्धा एवढी तयारी करत नाहीत. मी स्वतः झोपेच्या बाबतीत कुंभकर्णाच्या कुळातला. पाठ टेकायचा अवकाश, की माझं घोरणं सुरू. त्यामुळे जव्हारच्या पेठेत माझ्या खोलीसमोर दुकान असलेले गादीवाले चाचा दुपारची नमाज आटोपून निम्म्या फळ्या लावायचे आणि झोपेची मांडामांड सुरू करायचे, तेव्हा मी चहाचा कप घेऊन खिडकीत बसायचो. आमची शाळा सकाळच्या पाळीची होती आणि गावात दुसरी करमणूक नव्हती. पहिली तीन वर्षं मी त्या प्रकाराला करमणूकच समजत होतो. आज त्याची लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

चाचा पिढीजात पिंजारी. पन्नाशीचे, उंच, आणि पाठीत किंचित वाकलेले. भुवयांत, दाढीत, कानांच्या पाळ्यांवर कायम कापूस, त्यामुळे त्यांची दाढी खरी किती पिकली आहे हे चाचींनाही ठाऊक नसावं. जव्हार-मोखाड्यात गादीवर झोपण्याची ऐपत असलेली जेवढी घरं होती, मामलेदारापासून किराणावाल्यापर्यंत, ती सगळी यांनी पिंजलेल्या कापसावर झोपायची; आणि हा गृहस्थ मात्र झोपेला वाघासारखा घाबरायचा. रात्री घरी ते झोपतच नसत. अंगणात बसून पहाट करायचे. जी काय दोन तास झोप घ्यायची ती दुपारी, दुकानात, भर बाजाराच्या कालव्यात, आणि तीही गिऱ्हाइकाच्या नव्या गादीवर. ‘गादी तपासल्याशिवाय देत नाही’ असं ते सांगायचे. एका मारवाड्याच्या मुलीच्या लग्नातली गादी न्यायला पाचजण आले तेव्हा तिच्यावर चाचा हातपाय झाडत ओरडत होते. त्या लोकांनी गादी नेली, पण नेताना तिच्यावर गंगाजळ शिंपडलं. चाचांचा मात्र या बाबतीत मोठा अभ्यास होता. ‘मास्तर, जुन्या कापसावर पानी गुडघ्याएवढं असतं,’ ते मला गंभीरपणे म्हणाले होते, ‘नव्यावर कमरेएवढं. आणि सावरीच्या उशीवर डोकं ठेवलं की संपलंच, छातीपर्यंत येतं.’ कसलं पाणी, हे मी तेव्हा विचारलं नाही. वेड्याला तपशील विचारू नये, अशी माझी समजूत होती.

झोपण्याआधी ते दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून पुढून-मागून बघत. कोपरापर्यंत कापसाचे तंतू चिकटलेले असायचेच, तरी बघत. मग रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही हाक मारत. कुणी नसलं की माझ्या खिडकीकडे मान वर करत.

‘मास्तर, जरा बघा. कापूस दिसतो ना हाताला?’

‘दिसतो, चाचा.’

‘तुम्हाला पण दिसतो? मग ठीक. म्हणजे अजून इकडेच आहे मी.’

ही तपासणी दिवसातून वीसेक वेळा तरी चाले. पंगतीत, मशिदीच्या पायऱ्यांवर, न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असताना, कुठेही. पावसाळ्यात पिंजण बंद असायचं, कारण ओला कापूस पिंजला जात नाही. त्या चार महिन्यांत ते खिशात मूठभर कापूस ठेवायचे आणि तपकीर ओढणाऱ्याने डबी काढावी तसा काढून हातांना चोळायचे. चाचींनी धुतलेले कपडे घातले की पहिलं काम हेच. चाची बिचाऱ्या कपाळाला हात लावायच्या.

दुसरी खोड याहून महाग होती. हातात धरलेली वस्तू चाचा मधूनच सोडून द्यायचे. निसटायची नाही, मुद्दाम सोडायचे. चालता चालता थांबत, मूठ घट्ट करत आणि पटकन उघडत. छत्री गटारात जायची. पलीकडच्या हॉटेलवाल्याने सात कप गेल्यावर त्यांना जर्मनच्या पेल्यात चहा पाठवायला सुरुवात केली. मामलेदारसाहेबांची गादी पोचवायला निघाले असताना कचेरीसमोरच्या चिखलात त्यांनी आपलं टोक सोडलं आणि साहेबांच्या शिपायाला म्हणाले, ‘माफ करा, हाताला सवय लावतोय.’ जामसरहून सावरीचा कापूस विकायला येणारी एक म्हातारी टोपली त्यांच्या हातात कधीच देत नसे, खाली ठेवायची. ‘या चाच्याचे हाताला भोक हाय,’ ती मला म्हणाली होती, ‘काय ठरत नाय त्यात.’ सगळ्यात वाईट म्हणजे पिंजता पिंजता ते कापूस पिंजायची कमानसुद्धा सोडायचे. पुरुषभर उंचीची, त्यांच्या वडिलांच्या हातची ती कमान फरशीवर आपटली की तिची ताणलेली दोरी, म्हणजे तात, अशी काही कण्हायची की माझ्या दातांना शिरशिरी यायची. मग चाचा ती उचलत, पडलेल्या पोराला चाचपावं तशी चाचपत, आणि पुन्हा कामाला लागत.

गावाने आपल्या परीने इलाज केले होते. दर्ग्यातला ताईत दंडावर होता. डॉक्टरच्या गोळ्यांनी झोप लांबली, म्हणजे ओरडणंही लांबलं. तेव्हा रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणून चाचींनी त्या चुलीत टाकल्या. मोखाड्याकडच्या एका भगताने तांदूळ टाकून पाहिले आणि पाण्याला कोंबडा द्यायला सांगितला. चाचांनी त्यालाच विचारलं, ‘सपन्यातल्या पान्याला सपन्यातलाच कोंबडा लागेल ना बाबा? तो कुठून आणू?’ भगताने आपले तांदूळ गोळा केले. हे सगळं पेठेत हसत हसत सांगितलं जायचं, आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो.

हसणं थांबलं ते एका रमजान ईदेला. मी सुट्टीहून परत आलो होतो, आणि आईने माझ्याबरोबर ट्रंकेत लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी दिली होती. एसटी स्टँडवर उतरलो तर समोर चाचा, नवाकोरा कुर्ता, डोळ्यांत सुरमा, आणि चाचींनी सकाळी न्हाणीत बसवून घासूनपुसून लख्ख केलेले. भुवयांत कापूस नसलेले चाचा मी प्रथमच पाहत होतो. मला वाटलं, बरं झालं, भला माणूस भेटला. टपावरच्या हमालाने ट्रंक खाली सोडली, एका कडीला मी हात घातला, दुसरीला चाचांनी. दोन पावलं गेलो असू. ट्रंक जड होती, माझा पाय खडीवरून घसरला आणि मी ओरडलो, ‘धरा, चाचा, धरा.’

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. कापूस नव्हता. खिसा चाचपला, नव्या कुर्त्याच्या खिशात काही नव्हतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. त्यांनी ट्रंक सोडून दिली आणि मोकळ्या झालेल्या हाताने माझं मनगट धरलं, असं की चार दिवस वळ राहिले.

‘सोडली बघ,’ ते मला म्हणाले. ‘सोडली मी. ये, छोटे, वर ये.’

ट्रंक उघडून पडली होती, बरणीचे तुकडे झाले होते आणि माझ्या चार पांढऱ्या सदऱ्यांवरून लोणच्याचा खार वाहत होता. मी त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. शिक्षकाला शोभेल असं त्यात काही नव्हतं. ते ऐकतही नव्हते. थोड्या वेळाने त्यांचं नाक हललं, त्यांनी लोणच्याचा वास घेतला, आणि माझं मनगट सुटलं. ‘सपन्यात वास नसतो,’ ते पुटपुटले. मग ते स्टँडच्या पायरीवर ईदेच्या नव्या कपड्यांनिशी बसले आणि रडले. मी लोणचं भरलेला एक सदरा हातात धरून शेजारी बसलो. त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं.

मी जव्हारला येण्याच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा पिंजण्याच्या मोसमाला ते आणि त्यांचा धाकटा भाऊ कमान घेऊन गावोगाव जायचे. त्या वर्षी वांगणीच्या बाजूला निघाले होते. पाऊस संपला असं धरून दोघे निघाले आणि परतीच्या पावसाने वाटेतला ओहोळ फुगला. थोरला पुढे, धाकटा मागे, आधाराला म्हणून कमानीचं एक टोक याच्या हातात आणि दुसरं त्याच्या. थोरल्याने पलीकडची करंजाची फांदी पकडली तेवढ्यात धाकट्याचा पाय गेला. त्याच्या हातून कमान सुटली, त्याने हात पुढे केला. यांच्या एका हातात फांदी होती आणि दुसऱ्यात कमान.

‘कमान सोडायची होती, मास्तर. एवढंच करायचं होतं. पण हाताला शिकवलेलंच नव्हतं. अब्बांनी लहानपणी सांगितलं होतं, पिंजाऱ्याने काही झालं तरी कमान सोडायची नाही. हाताने तेवढंच ऐकलं.’

धाकटा तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. कमान शाबूत घरी आली. ‘मग दुसरी कमान का नाही घेत?’ असं मी विचारलं. विचारायला नको होतं. ‘हिच्यापायी तो गेला,’ ते म्हणाले, ‘आता हिला टाकू? मग तो कशासाठी गेला?’

तेव्हापासून डोळा लागला की तोच ओहोळ. तोच हात पुढे यायचा आणि तीच मूठ घट्ट राहायची. नऊ वर्षं आणि वर तीन, रोज. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. पण या माणसाने जळता जळता एक शोध लावला होता. त्या दिवशी मोसमातली पहिलीच फेरी असल्याने त्यांच्या हातांना कापूस नव्हता, म्हणून स्वप्नातही नसायचा. जागेपणी कापूस, स्वप्नात साफ हात. तेव्हा हात बघायची सवय जागेपणी इतकी लावायची की झोपेतही हात बघितला जाईल, आणि कळेल की हे खरं नाही, इथे आपण वाटेल ते करू शकतो. मग कमान सोडायची. त्यासाठी जागेपणी हाताला सोडायला शिकवायचं. बारा वर्षं गाव ज्याला खुळेपणा म्हणत होतं ती ही शाळा होती, आणि मी मास्तर असून मला ती ओळखता आली नाही.

शोध लागून पुष्कळ दिवस झाले होते, पण यश नव्हतं. ‘सपना आहे हे कळलं की मन खुश होतं,’ ते म्हणाले, ‘आणि खुश झालं की जाग येते. म्हणून आता खुश व्हायचं नाही, अशी सवय करतोय.’ हे वाक्य मी पुढे अनेकांना विनोद म्हणून सांगून पाहिलं. कुणी हसलं नाही.

त्यानंतर मी त्यांचा सोबती झालो. सोबती म्हणजे काय, तर रविवारी दुपारी फळ्या लावून घ्यायच्या, चाचांनी एका हाताने खुंटी आणि एका हाताने कमान धरायची, आणि मी समोर कापसाच्या पेळूंच्या ढिगात उभा राहून हात पुढे करायचा. नाटकात मला शाळेत असतानासुद्धा कुणी भाला धरायला उभं केलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी ‘भाईजान, हात’ असं म्हणालो. चाचांनी सहज मूठ उघडली, कमान पडली, त्यांनी माझा हात धरला. फारच सोपं वाटलं. असं चार-पाच रविवार झालं. मग एकदा आतल्या दाराच्या पडद्यामागून चाचींचा आवाज आला. त्या कधी माझ्याशी बोलत नसत.

‘तो भाईजान नव्हता म्हणत, मास्तर. “बडे” म्हणायचा. घाबरला की फक्त “बडे”.’

मी म्हणालो, ‘बडे.’

चाचांची मूठ उघडली नाही. बोटं पांढरी पडली, कमानीची तात आपोआप वाजायला लागली, पण मूठ उघडेना. मी हात पुढे करून उभा. कापसात उभं राहून माझे पाय गरम झाले होते आणि छातीत मात्र गार पडत चाललं होतं. शेवटी मीच ती बोटं एकेक करून सोडवली. ‘आता खरं सुरू झालं,’ चाचा घाम पुसत म्हणाले. पडद्यामागे चाची रडत होत्या. घरी येऊन मी न जेवता आडवा झालो, आणि माझ्यासारख्याला त्या दिवशी बराच वेळ झोप आली नाही.

त्यांची झोप काही सुधारत नव्हती. उलट आता त्यांना आपण झोपेत आहोत हे कळायचं आणि तरी मूठ उघडायची नाही. आधी निदान न कळत घडत होतं, आता डोळ्यांदेखत. जाग आली की फळीच्या फटीतून माझ्याकडे बघून मान हलवायचे, नाही म्हणून. मी दोनदा म्हणालो, ‘पुरे करू या, चाचा.’ ते म्हणाले, ‘तो रोज येतो, मास्तर. मी कसा पुरे करू?’ एक अख्खं वर्ष असं गेलं. मी त्या वर्षात ‘बडे’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की वर्गात हजेरी घेतानासुद्धा तो ओठांवर यायचा.

आणि मग एका गुरुवारी, बाजाराच्या गर्दीत, भर दुपारी चाचा रस्ता ओलांडून प्रथमच माझ्या खोलीवर आले. चार वर्षांत कधी जिना चढले नव्हते. दारात उभे राहिले. अंगभर कापूस, डोळे लाल.

‘सुटली,’ ते म्हणाले.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. पेला त्यांनी नीट धरला. झोपेत हात पाहिला होता, साफ होता. खुश झाले नाहीत. फांदीवरची बोटं एकमेकांवर घासली, पेळू वळतात तशी, म्हणजे जाग लांबते हेही त्यांनीच शोधलं होतं. मग मूठ उघडली. कमान पाण्याबरोबर गेली आणि त्यांनी छोटेचा हात धरला. तो वर आला. ओलाचिंब, दात वाजत होते. काठावर दोघे बसले.

‘काही बोलला?’ मी विचारलं.

‘बोलला. “बडे, कमान कुठाय?” मी म्हटलं, गेली. तर हसायला लागला. म्हणाला, “आता अब्बा मारतील.”’ चाचा बोलता बोलता हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. ‘मग तो उठला आणि वाटेने पुढे गेला, वांगणीकडे. मी म्हटलं थांब, येतो. तेवढ्यात जाग आली.’

मी मूर्खासारखा आनंदलो. हलवायाकडून पेढे आणले, चाचींना पाठवले. माझ्या शिकवणुकीला फळ आल्याचा प्रसंग नोकरीत दुसरा आठवत नाही. चाचा रात्री घरी झोपायला लागले. गिऱ्हाइकांच्या गाद्या कोऱ्या जायला लागल्या, कपबशा शाबूत राहिल्या, हॉटेलवाल्याने जर्मनचा पेला परत घेतला. गाव म्हणालं, चाचा सुधारले. महिनाभर मीही तसंच म्हणत होतो.

मग ते पुन्हा मधूनच हात बघताना दिसले. हात कापसाने भरलेले होते आणि ते तो कापूस काढून टाकत होते. न्हाणीत तासन्‌तास हात धूत होते. चाचींनी निरोप पाठवला म्हणून मी गेलो, तर भरदुपारी चाचा कमान छातीशी घेऊन सावरीच्या उशीवर डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते.

‘आता झोप लागते, मास्तर,’ त्यांनी डोळे न उघडता सांगितलं. ‘लगेच लागते. काळी, गाढ. पण आत कोणी नाही.’

मी उशीजवळ टेकलो.

‘बुडत होता, पण रोज येत होता. तेरा वर्षं रोज तोंड दिसत होतं. मी त्याला वर काढला आणि तो चालता झाला. आता जुन्या कापसावर झोपतो, नव्यावर झोपतो, ओहोळच लागत नाही.’ मग ते उठून बसले आणि खुंटीला हात घातला. ‘मास्तर, एकदा म्हणा ना. उभे राहा तिथे आणि म्हणा.’

मी उभा राहिलो. म्हणालो. त्यांनी कमान धरलेली होती, ती त्यांनी सोडली नाही. माझ्याकडे नुसते पाहत राहिले, आणि मी तो नाही हे त्यांना दिसत राहिलं. पुन्हा म्हणा म्हणाले. मी नाही म्हणालो. एका माणसाला मी इतका स्पष्ट नकार आयुष्यात तेवढा एकदाच दिला आहे, आणि तो बरोबर होता की चूक हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शिकवणारा मीही होतो. काय शिकवतोय हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी चाचा स्टँडवर आले, काखेत उशी. पहाटेपासून बसून पिंजून भरली होती, पैसे घ्यायला तयार नव्हते. ‘सावरीची नाही, साधी आहे,’ म्हणाले, ‘तुम्हाला पान्याचा त्रास नको.’ मी गाडीत बसलो, त्यांनी उशी खिडकीतून आत दिली आणि माझा हात धरला. कंडक्टरने घंटी दिली. गाडी सुरू झाली. मी म्हणालो, ‘चाचा, सोडा आता.’ ते गाडीबरोबर चालायला लागले. सगळ्या जगाच्या वस्तू सोडून दिलेला तो हात माझा हात सोडीना. मला वाटलं, यांना पुन्हा भास होतोय, म्हणून मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत कापूस होता. त्यांनीही तो पाहिला. जागे होते. सगळं कळत होतं त्यांना, तरी ते चालत होते, आणि गाडीने वेग घेतला.

हात शेवटी मीच सोडवून घेतला. माझ्या तळव्याला त्यांचा कापूस चिकटून आला होता. घाट उतरेपर्यंत मी तो झटकला नाही.